शेजारधर्म आणि लोकशाही

कोकणात आपल्या वाडवडिलांच्या गावी तंटे होत ते बहुधा शेताच्या बांधावरून. दूरच्या गावच्या माणसाशी वैर धरणे सोपे. त्याचे तोंड वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही. परंतु ज्याच्या शेताला आपला बांध लागलेला असतो, त्याच्याशी अबोला धरून भागत नाही. पावसाचे पाणी त्याच्याच शेतातून आपल्या शेतात उतरायचे असते आणि त्याची गुरे आपल्याच पिकात शिरायची असतात. राष्ट्रांचीही स्थिती याहून निराळी नाही. दूरच्या एखाद्या जुलमी राजवटीवर बहिष्कार पुकारणे त्या मानाने सुलभ असते. पण हुकूमशहा जर कुंपणाला लागूनच राज्य करीत असेल, तर लोकशाही राष्ट्राने काय करावे? त्याच्याशी वाटाघाटी कराव्यात, की निर्बंध घालून त्याची कोंडी करावी?

हा प्रश्न परराष्ट्र खात्यातील मुत्सद्द्यांचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून बाजूला सरणे आपल्याला शोभणारे नाही. आपल्यातील वडीलधारी मंडळी भारताच्या लोकशाहीत वाढली आणि इस्राएलच्या लोकशाहीत नांदत आली आहेत. लोकशाहीत सरकार जे काही करते ते नागरिकांच्या नावाने करते. तेव्हा कोणाशी बोलावे, कोणाला काय विकावे आणि कोणासाठी दार उघडावे, याचा हिशेब अखेरीस आपल्याच खात्यावर लिहिला जातो.

वर्गात एखादा अवघड नियम शिकवावयाचा झाला की आम्ही शिक्षक मंडळी आधी उदाहरण घेतो. येथे आम्ही ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, उदाहरण घेत आहोत. भारताशी त्याची सीमा १,६४३ किलोमीटर लांबीची आहे. वाटाघाटी आणि निर्बंध हे दोन्ही उपाय या एकाच देशावर अनेक वर्षे करून पाहण्यात आले आहेत. शिवाय मणिपूर आणि मिझोराममधून येऊन इस्राएलात स्थायिक झालेल्या बने मनाशे बांधवांची मूळ भूमी याच सीमेला लागून आहे. त्यामुळे हे उदाहरण वाटते तितके दूरचे नाही.

एकेकाळचा स्नेही

ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला आणि इस्राएल त्याच वर्षीच्या मे महिन्यात. आशियातील बहुतेक राष्ट्रे इस्राएलपासून अंतर राखून होती, त्या काळात, डिसेंबर १९४९ मध्ये, ब्रह्मदेशाने इस्राएलला मान्यता दिली. १९५५ साली त्याचे पंतप्रधान ऊ नू इस्राएलला आले आणि डिसेंबर १९६१ मध्ये बेन गुरियन रंगूनला गेले. दोन तरुण लोकशाह्यांची ही मैत्री त्या काळी कौतुकाचा विषय होती.

पुढे अवघ्या तीन महिन्यांत, २ मार्च १९६२ रोजी, सेनापती ने विन यांनी सत्ता बळकावली आणि ऊ नू तुरुंगात गेले. १९६३–६४ मध्ये दुकाने आणि पेढ्या सरकारजमा झाल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या लाखो भारतीयांना रिकाम्या हातांनी देश सोडावा लागला. रंगूनच्या ज्यू समाजाची पांगापांग तर त्याआधीच, १९४२ च्या जपानी आक्रमणात, झाली होती. त्या समाजात बगदादी कुटुंबांच्या जोडीने बेने इस्राएल कुटुंबेही होती. त्यांतील कित्येकांनी त्या वेळी भारताचा आश्रय घेतला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आश्रयाचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

भारताचे दोन अध्याय

ऑगस्ट १९८८ मध्ये ब्रह्मदेशातील विद्यार्थी, भिक्षू आणि सामान्य नागरिक रस्त्यावर आले. सैन्याने गोळीबार केला आणि १८ सप्टेंबर रोजी नव्या लष्करी मंडळाने कारभार हाती घेतला. त्या वेळी भारताने निःसंदिग्ध भूमिका घेतली. आकाशवाणीच्या ब्रह्मी भाषेतील कार्यक्रमांतून लष्करावर टीका होत असे आणि पळून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मणिपूर व मिझोराममध्ये छावण्या उघडण्यात आल्या. आंग सान सू ची यांचे शिक्षण दिल्लीत झालेले, त्यांच्या मातोश्री भारतात राजदूत होत्या. त्यामुळे भारतीयांना त्या घरच्याच वाटत. मे १९९० च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण सैन्याने सत्ता सोडली नाही.

हा पहिला अध्याय फार काळ टिकला नाही. नागालँड आणि मणिपूरमधील सशस्त्र बंडखोरांचे तळ सीमेपलीकडील जंगलात होते. रंगूनच्या सहकार्यावाचून त्यांचा बंदोबस्त करणे कठीण होते, आणि भारताने मोकळी सोडलेली जागा चीन भरून काढीत होता. १९९३ मध्ये परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित रंगूनला गेले. १९९४ मध्ये सीमेवरील व्यापाराचा करार झाला आणि १९९५ मध्ये मोरे येथील व्यापारनाका उघडला. त्याच वर्षी दोन्ही सैन्ये बंडखोरांविरुद्ध संयुक्त मोहीम करीत असताना भारताने सू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर केला, आणि ब्रह्मी सैन्याने मोहिमेतून अंग काढून घेतले. एका हाताने पुरस्कार आणि दुसऱ्या हाताने हस्तांदोलन करू पाहणाऱ्या लोकशाहीची ही कुचंबणा होती. त्यानंतरची भारतीय सरकारे, मग ती कोणत्याही पक्षाची असोत, बहुतांशी सेनापतींशी जुळवून घेण्याच्याच मार्गाने गेली. २००७ च्या सप्टेंबरात भिक्षूंचे मोर्चे रस्त्यावर असताना आपल्या मुंबईचे मुरली देवरा पेट्रोलियम मंत्री या नात्याने त्या देशात तेल-वायूचे करार करीत होते.

या मार्गाने भारताला काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०२० मध्ये म्यानमारने २२ बंडखोर भारताच्या ताब्यात दिले. सित्वे बंदरातून कलादान नदीमार्गे मिझोरामपर्यंत माल नेण्याच्या योजनेचा करार २००८ मध्ये झाला आणि २०२३ मध्ये ते बंदर वापरात आले. परंतु बंडखोरांचे तळ कित्येक दशके पुरते हटले नाहीत, आणि लोकशाहीच्या बाजूने भारताच्या शब्दाला पूर्वी जे वजन होते ते मात्र घटले.

निर्बंधांचा हिशेब

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिका आणि युरोप यांनी निर्बंधांचा मार्ग धरला. अमेरिकेने १९९७ मध्ये नव्या गुंतवणुकीस मनाई केली आणि २००३ मध्ये म्यानमारचा माल घेणे बंद केले. याचा पहिला तडाखा कोणाला बसला? तयार कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना, आणि त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. सेनापतींचा खजिना मात्र रिकामा झाला नाही, कारण समुद्रातील नैसर्गिक वायू नळाने थायलंडला जात होता आणि त्याचे पैसे येतच होते. शेजारीपाजारी व्यापार करीत असता दूरच्यांनी बाजार बंद केला, तर नुकसान गरिबाचे होते आणि राज्यकर्ता दुसऱ्या दुकानी जातो, हा यातला सरळ धडा.

तरीही निर्बंध सर्वस्वी वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. २०१० नंतर सैन्याने दार थोडे किलकिले केले, सू ची मुक्त झाल्या आणि २०१५ मध्ये खरी निवडणूक झाली. पाश्चात्त्य बाजारपेठ पुन्हा उघडावी आणि एकट्या चीनवर विसंबून राहावे लागू नये, ही इच्छा त्यामागील कारणांपैकी एक होती. म्हणजे निर्बंधांचा उपयोग झाला तो ते उठविण्याचे आश्वासन देता आले म्हणून. आणि असे आश्वासन द्यावयाचे तर कोणीतरी समोर बसून बोलावेच लागते. वाटाघाटी आणि निर्बंध या एकमेकींच्या सवती नव्हेत, हे येथे दिसून येते.

दार उघडले म्हणून घर सुधारले असेही नाही. २०१७ च्या ऑगस्टपासून रखाइन प्रांतातील रोहिंग्या लोकांवर सैन्याने जो कहर केला, त्यामुळे सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात आपल्या देशाच्या बचावासाठी स्वतः सू ची उभ्या राहिल्या. पुढे १ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने पुन्हा सत्ता घेतली आणि त्यांनाच कैद केले. त्या वर्षी २७ मार्चला राजधानी नेप्यिडॉ येथे सैन्यदिनाचे संचलन झाले. त्याच दिवशी देशभर शंभरांहून अधिक निदर्शक मारले गेले. संचलनाला प्रतिनिधी पाठविणाऱ्या आठ देशांत भारत होता.

बोलणे निराळे, विकणे निराळे

आमच्या मते संचलनातील त्या खुर्चीपेक्षा गंभीर प्रश्न शस्त्रांचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सत्तांतरानंतर म्यानमारच्या सैन्याकडे किमान १ अब्ज डॉलर किमतीची शस्त्रे व संबंधित सामग्री पोहोचली. त्यांत रशियाचा वाटा ४० कोटींहून अधिक आणि चीनचा २६ कोटींहून अधिक डॉलरचा होता. भारतातील संस्थांकडून गेलेली सामग्रीही ५ कोटी १० लाख डॉलरची होती. इस्राएलनेही हात झटकून मोकळे होण्याचे कारण नाही. सेनापती मिन आंग लाइंग सप्टेंबर २०१५ मध्ये पाहुणे म्हणून येथे आले होते. २०१७ मध्ये या सैन्याला होणाऱ्या शस्त्रविक्रीविरुद्ध आपल्या उच्च न्यायालयात अर्ज दाखल झाला, तेव्हा निकाल प्रसिद्ध करण्यास मनाई करण्यात आली. ज्या व्यवहाराचा निकालही नागरिकाला वाचता येऊ नये, तो व्यवहार लोकशाहीचा म्हणावा काय?

शेजाऱ्याशी सीमेच्या बंदोबस्ताविषयी बोलणे हा शेजारधर्म होय. तो ज्या काठीने स्वतःच्या घरातल्या माणसांना मारतो, ती काठी त्याला आपण पुरविणे हा शेजारधर्म नव्हे.

इजिप्तचा धडा

मग हुकूमशहाशी केलेली वाटाघाट कधी सफल होते? याचे उत्तर आपल्या घराजवळच आहे. २० नोव्हेंबर १९७७ रोजी अन्वर सादात क्नेसेतमध्ये येऊन बोलले. सादात हे शांततेचे पुरस्कर्ते म्हणून आपण त्यांचा आदर करतो आणि ते योग्यच आहे. पण ते लोकशाहीने निवडलेले नेते नव्हते. सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी दीड हजारांहून अधिक विरोधकांना अटकेत टाकले होते. इस्राएलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांनी त्यांच्याशी बोलताना त्यांची तुरुंगयादी सोडवून घेतली नाही, की इजिप्तला लोकशाहीचे पाठ दिले नाहीत. त्यांनी मागितली ती मोजता येण्याजोगी गोष्ट: सिनाईत कोणत्या पट्ट्यात किती सैन्य असावे, सुएझ कालवा आणि तिरानची सामुद्रधुनी इस्राएली जहाजांना मोकळी असावी, आणि हे सारे पाळले जाते की नाही यावर तिऱ्हाइताची नजर असावी. त्याबद्दल मोलही दिले. क्नेसेतमध्ये ८४ विरुद्ध १९ मतांनी कॅम्प डेव्हिडच्या कराराला संमती मिळाली, २६ मार्च १९७९ रोजी तहावर सह्या झाल्या, आणि एप्रिल १९८२ पर्यंत यामीतसह जवळजवळ संपूर्ण सिनाई रिकामी झाली.

सादात ६ ऑक्टोबर १९८१ रोजी मारले गेले, पण तह टिकला. २०११ मध्ये मुबारक गेले, २०१२ मध्ये मुस्लिम ब्रदरहूडचे मोर्सी निवडून आले, २०१३ मध्ये सैन्याने त्यांना काढले. तरी तह मोडला नाही. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धाच्या कठीण काळातही तो उभा राहिला. या शांततेत जिव्हाळा नाही, आणि इजिप्तच्या जनतेला तिने लोकशाही दिली नाही, हे खरे. परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले त्या युद्धांत मेली नाहीत जी झालीच नाहीत. हा लाभ लहान नव्हे. दुसरीकडे, तह केल्याबद्दल अरब राष्ट्रांनी इजिप्तवरच बहिष्कार घातला आणि अरब संघाची कचेरी कैरोहून ट्यूनिसला नेली. १९८९ मध्ये इजिप्तला परत घेण्यात आले, आणि तह होता तेथेच राहिला.

ब्रह्मदेशाच्या बाबतीत भारताने सेनापतींकडून सद्भाव मागितला. इजिप्तकडून इस्राएलने कलमे मागितली. सद्भाव माणसाबरोबर जातो, कलमे राज्याबरोबर राहतात. याची प्रचीती २०२३ च्या अखेरीस भारताला आली. सशस्त्र गटांनी सैन्याला एकेक ठाण्यावरून हुसकावले आणि जानेवारी २०२४ मध्ये कलादानच्या मार्गावरील पलेत्वा हे गाव आराकान आर्मीच्या हाती पडले. ज्यांच्याशी सारी बोलणी केली होती, त्यांच्या हातात रस्ताच राहिला नाही. केवळ राजवाड्याशी बोलणाऱ्याची अशी फसगत होते. गावाशीही बोलणे राखावे लागते.

दुबळ्या शेजाऱ्याचे धैर्य

कोणी म्हणेल, दक्षिण आफ्रिकेची वर्णद्वेषी राजवट निर्बंधांनीच नमली ना? निर्बंधांचा त्यात मोठा वाटा होता, आणि स्वातंत्र्याच्याही आधी, १९४६ मध्ये, भारताने तिच्याशी व्यापार बंद केला होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण भारत तेथून समुद्रापार होता. तिला लागून असलेल्या बोट्स्वानाकडे पाहा. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेला हा गरीब देश निवडणुका घेत राहिला, परंतु त्याचा व्यापार, त्याची आगगाडी, त्याचे अन्नधान्य दक्षिण आफ्रिकेवर अवलंबून होते. त्याने व्यापार तोडला नाही, कारण तो उपाशी मेला असता. त्याने आपल्या भूमीवर सशस्त्र तळ उभारू दिले नाहीत. मात्र पळून आलेल्यांना आश्रय दिला, वर्णद्वेषाला उघडपणे पाप म्हटले, आणि त्याबद्दल १४ जून १९८५ च्या रात्री गाबोरोनवरचा हल्लाही सोसला. आमच्या मते शेजारी लोकशाहीचे वर्तन कसे असावे याचा हा उत्तम नमुना होय.

मिझोरामने असेच काहीसे केले. मार्च २०२१ मध्ये दिल्लीच्या गृहखात्याने सीमेवरील राज्यांना लिहिले की, पलीकडून येणाऱ्यांना थोपवावे. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना कळविले की, येणारे चिन लोक आमचे रक्ताचे नातलग आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरविता येणार नाही. त्या लहानशा राज्याने तीस हजारांहून अधिक माणसांना आसरा दिला. प्रार्थनामंदिरांनी आणि गावच्या मंडळांनी तांदूळ, कपडे, औषधे पुरविली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सीमेवरील मुक्त संचाराची सवलत रद्द करण्याचा आणि कुंपण घालण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हाही मिझोरामने विरोध नोंदविला. १९४२ मध्ये रंगूनहून निघालेल्या आपल्या माणसांना ज्या भारताने दार उघडले, तो भारत आम्हांला दिल्लीच्या त्या पत्रापेक्षा मिझोरामच्या उत्तरात अधिक ओळखू येतो.

तात्पर्य

वाटाघाटी की निर्बंध, हा प्रश्नच अपुरा आहे, असे आमचे मत झाले आहे. शेजाऱ्याशी बोलणे अटळ आहे. म्हणून बोलावे, पण मोजता येईल असे मागावे, आणि आपण काय मागितले व काय दिले ते आपल्या नागरिकांना सांगता येईल असे बोलावे. निर्बंध घालावेत ते शस्त्रांवर, राज्यकर्त्यांच्या तिजोरीवर, विमानांच्या इंधनावर. शिवणयंत्रावर बसलेल्या मुलीच्या पगारावर नव्हे. २०२१ नंतर युरोप व अमेरिकेने म्यानमारच्या सरकारी तेल-वायू कंपनीवर आणि विमानी इंधनाच्या पुरवठ्यावर जे निर्बंध घातले, ते या दृष्टीने पूर्वीच्यांपेक्षा शहाणपणाचे होते. आणि तिसरी गोष्ट, जी ना वाटाघाटीत मोडते ना निर्बंधात: जीव वाचवून येणाऱ्यासाठी दार बंद करू नये. हुकूमशहा बदलणे आपल्या हाती नसते. दाराची कडी मात्र आपल्याच हाती असते.

आपण सामान्य नागरिक काय करणार, असा प्रश्न वाचक विचारतील. मतदान मागावयास येणाऱ्या उमेदवाराला, आपला देश कोणाला काय विकतो हे विचारता येते. आपल्या शहरात राहणाऱ्या बने मनाशे कुटुंबाला, सीमेकडील तुमची माणसे कशी आहेत, एवढे तरी विचारता येते. आणि मुलांना शिकविता येते की, लोकशाही ही केवळ आपल्या घरात चांगले वागण्याची रीत नसून, कुंपणापलीकडे कोणी मार खात असता आपण कोणत्या बाजूला उभे होतो, याचीही ती परीक्षा आहे. या परीक्षेस आपली दोन्ही राष्ट्रे अधिक तयारीने बसोत, एवढीच आमची इच्छा.

शालोम.